परवान्याच्या आडोशाने

अटलांटिक महासागर ओलांडून क्यूबाच्या बंदरांत उतरविलेल्या आफ्रिकी गुलामांची संख्या आठ लक्षांच्या घरात जाते, आणि त्यांतील बहुसंख्य लोक एकोणिसाव्या शतकात, उसाच्या मळ्यांची भरभराट शिगेला पोहोचली असताना आणले गेले, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या बेटाच्या संगीताचे मर्म उलगडत नाही. गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती थेट १८८६ साली. त्यामुळे विसावे शतक उजाडले तेव्हा हव्हाना व मातान्झास या शहरांत आफ्रिकेची स्मृती हा ऐकीव इतिहास नसून घरातील वडीलधाऱ्यांचा अनुभव होता.

स्पॅनिश अंमलदारांनी या लोकांना ‘काबिल्दो’ नावाची मंडळे चालविण्याची मुभा दिली, ती औदार्याने नव्हे. योरुबा, काँगो, कालाबारी असे निरनिराळे समाज आपापल्या मंडळांत विभागलेले राहिले, तर ते एकवटून बंड करणार नाहीत, असा त्या बंदोबस्तामागील हिशेब होता. मंडळांनी मात्र आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मृतांचे अंत्यसंस्कार केले, प्रसंगी सभासदांच्या मुक्ततेसाठी वर्गणी जमविली, आणि ख्रिस्ती सणांच्या परवान्याखाली आपल्या दैवतांची उपासनाही अखंड चालविली. विजेचा स्वामी चांगो संत बार्बरेच्या, तर सागरमाता येमाया रेग्ला गावच्या कृष्णवर्णी कुमारी मातेच्या रूपाने पूजिली जाऊ लागली.

या उपासनेचा प्राण म्हणजे ‘बाता’ हे तीन ढोल. पखवाजाप्रमाणे मांडीवर आडवे घेऊन ते दोन्ही मुखांवर वाजवितात. त्यांतील थोरला ‘इया’ संवाद आरंभितो आणि धाकटे दोघे त्यास उत्तर देतात. ज्या योरुबा भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो, तिच्या स्तुतिवचनांचा उच्चार हे ढोल करू शकतात. गोदीत व चाळींत जन्मलेल्या लौकिक रुंब्याने मात्र मालाच्या रिकाम्या खोक्यांवरच आपला ताल उभा केला.

१९०२ साली प्रजासत्ताक आले, तरी समता आली नाही. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र पक्षाने १९१२ साली उठाव करताच सैन्याने सहस्रावधी माणसे कापून काढली; पोलीस तर पूजेचे ढोल गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून जप्त करीत. फर्नांदो ऑर्तिझ या विद्वानाने १९०६ साली या पंथांकडे फौजदारी दृष्टीनेच पाहिले होते. त्याच ऑर्तिझने पुढे १९३० च्या दशकात हव्हानाच्या प्रतिष्ठित श्रोत्यांपुढे बाता वाजवविले. १९४७ साली चानो पोझो न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पीच्या जॅझवृंदात सामील झाला, तेव्हा हाच ताल जगाच्या कानी पडला.

क्रांतीनंतर १९६२ साली सरकारनेच राष्ट्रीय लोककलापथक स्थापिले आणि या नृत्यवाद्यांना रंगमंच दिला. तथापि उपासकांना, अन्य श्रद्धावंतांप्रमाणेच, सत्ताधारी पक्षाचे सभासदत्व १९९१ पर्यंत नाकारले गेले. राजवटी पालटल्या, परंतु ताल हवा आणि त्या तालातील देव नको, हा सत्तेचा जुना हट्ट दीर्घकाळ तसाच राहिला. आणि २०१६ साली युनेस्कोने रुंब्याला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले, तेव्हा त्या गौरवाचे खरे मानकरी होते ते या दोहोंची फारकत न मानणारे वादक.