काटा खाली गेला की गाडी दमायची

कतारमध्ये जून ते सप्टेंबर आमचं घड्याळच बदलतं. पहाटे साडेतीनला कॅम्पमध्ये दिवे लागतात, साडेचारला गाड्या साइटकडे निघतात आणि दहा वाजले की हत्यारं खाली ठेवायची. २०२१ पासून इथे नियम आहे: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन, उघड्यावर काम करायचं नाही. उष्णता आणि दमटपणा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला, तर वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. नियम चांगलाच आहे. पण त्याचा एक परिणाम आम्हा ट्रान्सपोर्ट सांभाळणाऱ्यांनाच कळतो. माणसं सावलीत जातात तेव्हा गाड्या उन्हात निघतात. परतीचा सगळा प्रवास ऐन तापत्या वेळेला असतो.

मी एका छोट्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत गाड्यांचं काम बघतो. मूळचा सांगलीचा, आता दोह्यात बारा वर्षं झाली. मागच्या वर्षी आमची एक साइट उम्म बाबला होती, म्हणजे दुखानच्या दक्षिणेला, दोह्यापासून जवळपास १०० किलोमीटर. त्या साइटला पेट्रोलवर चालणारा एक डबल केबिन पिकअप दिला होता. ड्रायव्हर नेपाळचा, सोबत चार कामगार आणि मागे पाण्याचे कूलर.

जूनच्या शेवटी तक्रार सुरू झाली. सकाळी जाताना गाडी सुसाट जायची, येताना मात्र ओढायची नाही. ११० ने चाललेली गाडी हळूहळू ६० वर यायची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी फक्त आवाज वाढायचा, वेग नाही. टेंपरेचरचा काटा मधोमध, इंजिनचा दिवा बंद. वर्कशॉपमध्ये नेली की तोवर थंड झालेली असायची आणि शहाण्यासारखी वागायची. मेकॅनिक म्हणायचा, "गरमी है साब, सब गाडी में होता है."

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. हवा तापली की विरळ होते. २० अंशांची हवा ५० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत साधारण ९ ते १० टक्के हवा कमी मावते, म्हणजे इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. शिवाय एसीचा कंप्रेसर पूर्ण जोरात चालू असतो, त्याचा भार वेगळा. आत येणारी हवा फार गरम असली तर इंजिनचा कॉम्प्युटर ठोके बसू नयेत म्हणून स्पार्कची वेळ मागे ओढतो, त्यात आणखी थोडं जातं. पण हे सगळं धरूनही ११० ची गाडी ६० वर येत नाही. आखाती देशांसाठी बनवलेल्या गाड्यांना रेडिएटर आणि कूलिंग मुळातच दणकट दिलेलं असतं. त्याच रस्त्यावर त्याच उन्हात आमच्या बाकीच्या गाड्या नीट धावत होत्या. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

वर्कशॉपने एअर फिल्टर बदलला. उत्तरेकडून येणाऱ्या शमाल वाऱ्याने जून-जुलैत धूळ एवढी उडते की मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघत बसलात तर फिल्टरची वीट होते. तो खरंच खराब होता, पण फरक पडला नाही. मग स्पार्क प्लग बदलले, हवा मोजणारा सेन्सर साफ केला. बिल वाढलं, गाडी तशीच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. परतीच्या वाटेवर गाडीने झटके दिले आणि बंदच पडली. साडेदहाची वेळ, आजूबाजूला नुसता खडा आणि वाळू. इंजिन बंद म्हणजे एसीही बंद. ड्रायव्हरने चौघांना गाडीच्या सावलीच्या बाजूला बसवलं, वर ताडपत्री ओढली, कूलरमधलं पाणी डोक्यावर ओतलं आणि मला फोन केला. रिकव्हरीची गाडी पोचायला ४० मिनिटं लागली. तेवढ्यात एका पोराला चक्कर आली, उलटी झाली. नशिबाने पाणी पुरलं आणि तो संध्याकाळपर्यंत सावरला. पण गंमत बघा, रिकव्हरी आली तोवर पिकअप पहिल्या सेल्फला सुरू झाला होता!

आता माझी चूक सांगतो, कारण हा लेख तिच्यासाठीच लिहितोय. मला वाटलं, ड्रायव्हरच काहीतरी करतोय. गाडी उगाच ताणतोय, नाहीतर कुठे भटकून येतोय. त्याच्या नावावर आधीच दोन वॉर्निंग लेटर होती, तिसरं मी टाइप केलं. रिकव्हरीचे पैसेही त्याच्या पगारातून कापायचे असं ठरलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "साब, टंकी भरी रहती है तो ठीक चलती है." आणि मी मनात म्हटलं, बरोबर, तुला टाकी भरलेलीच हवी असणार!

कारण दोन महिन्यांपूर्वी मीच एक नियम काढला होता. पेट्रोलचा हिशेब जुळत नव्हता, म्हणून प्रत्येक गाडीला रोज सकाळी ५० रियालचंच कूपन. म्हणजे साधारण २५ लिटर. उम्म बाबला जाऊन येण्यापुरतं बरोब्बर, एक थेंब वर नाही. माझ्या या नियमावर मी खूश होतो.

तिसऱ्या लेटरवर सही करायच्या आदल्या रात्री सांगलीला फोन लावला. आबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आता ऐंशीच्या घरात आहेत. इकडे साडेआठ म्हणजे तिकडे अकरा, पण ते जागेच असतात. बोलता बोलता गाडीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिवून ठिवलंयस का कवा कवा बंद पडती ते?"

"नाही आबा. दुपारी पडते, गरम झाली की."

"दुपारी अजून काय काय असतंय? सकाळी नसतंय असं?"

मी गप्प. ते म्हणाले, "आमच्या डेपोत गाडी घाटात दम टाकायची. सगळी म्हणायची, चढ हाय म्हणून. पर चढावर गाडीचं तोंड वर हुतंय, टाकीतलं तेल मागं जातंय, ते कुणी बघत न्हवतं. लिवून काढ लेका. आन् एका टायमाला एकच गोष्ट बदल. चार बदलल्यास तर कशानं बरी झाली ते देवालाबी कळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी लेटर ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रायव्हरला एक वही दिली. वेळ, बाहेरचं तापमान, पेट्रोलचा काटा, एसी चालू की बंद, वेग किती उतरला. त्याने हिंदीत, सुंदर अक्षरात, न चुकता लिहिलं.

११ दिवसांची ती वही अजून माझ्याकडे आहे. सात दिवस गाडी दमली. सातही वेळा दुपार होती आणि सातही वेळा काटा पावच्या आसपास किंवा खाली होता. दोन रात्री तोच पिकअप विमानतळावर गेला होता, काटा तळाला टेकलेला, पण गाडीला काही झालं नाही. एक शुक्रवार, गाडी उभी. आणि एक दिवस हेड ऑफिसचे साहेब ती रास लफानला घेऊन गेले. त्यांना कूपनचा नियम लागू नव्हता, त्यांनी टाकी फुल केली. दुपारी येताना ४६ अंश, एसी पूर्ण, वेग १२०. गाडीने हूं की चूं केलं नाही.

म्हणजे नुसतं ऊन नाही आणि नुसता कमी काटाही नाही. दोन्ही एकत्र आले की गाडी बसत होती. सकाळी जाताना थंड हवा आणि टाकीत जास्त पेट्रोल, दुपारी येताना गरम हवा आणि कमी पेट्रोल. आम्ही सगळा दोष उन्हाला देऊन मोकळे झालो होतो.

आता यामागचं कारण. आजच्या पेट्रोल गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बुडलेला असतो. विजेवर चालतो, म्हणून तापतो, आणि त्याला थंड ठेवतं ते भोवतालचं पेट्रोलच. टाकीत ६० लिटर असेल तर उष्णता पसरते. १५ लिटर असेल, खालून रस्ता भट्टीसारखा तापलेला असेल, तर तेवढं पेट्रोल लवकर गरम होतं. पंप नवा असेल तर हेही निभावून नेतो. झिजलेला असेल तर तापल्यावर त्याचा दाब उतरतो. इंजिनला हवा मिळते, पण तिच्या मापाने पेट्रोल मिळत नाही. तासाभराने पंप निवला की पुन्हा जणू काही झालंच नाही!

हे झालं अनुमान. खात्री करायला या वेळी मेकॅनिकला गाडीतच बसवलं. आधी स्कॅनर लावला. इंजिनचं तापमान ठीक होतं, म्हणजे कूलिंगचा प्रश्न नाही. (डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमधच दाखवतो, त्यावर विसंबू नका.) मग पेट्रोलची भरपाई बघितली, म्हणजे मिश्रण पातळ पडतंय म्हणून कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय. गाडी नुसती उभी असताना आकडा साधारण होता, जोर दिला की २० च्या वर. कुठून तरी जास्तीची हवा आत शिरत असती तर उभ्या गाडीत तो आकडा जास्त दिसला असता. जोर दिल्यावर वाढतोय म्हणजे पेट्रोलच कमी पडतंय. शेवटी पेट्रोलच्या लाइनवर प्रेशर गेज लावला. सकाळी थंडीत बरोबर ३ बार. दुपारी, काटा पाववर असताना, रेस दिली की २ च्या खाली.

पंप काढला तर त्याच्या तोंडाची जाळी धुळीने काळीकुट्ट. म्हणजे आधीच झिजलेला पंप घसा दाबल्यासारखा चालत होता आणि मी त्याला पोहायला पाणीही ठेवलं नव्हतं. नवा पंप आणि नवी जाळी बसवली. आबांचं ऐकून दुसरं काहीच बदललं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम काटा पाववर ठेवून भर दुपारी मी स्वतः उम्म बाबहून गाडी आणली. सलवा रोडवरची माझी सगळ्यात आनंदाची फेरी!

कूपनचा नियम रद्द केला. आता काटा निम्म्याच्या खाली गेला की टाकी भरायची आणि किलोमीटरवरून हिशेब काढायचा. तो जुळतोही. पूर्वीची तफावत माझ्याच नोंदींमधली होती, हे नंतर कळलं. तिसरं लेटर फाडलं, आधीची दोन मागे घ्यायला लावली, रिकव्हरीचे पैसे कंपनीने भरले. ड्रायव्हरला ऑफिसमध्ये बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की तू बरोबर होतास, मी ऐकलं नाही. तो संकोचून नुसता हसला. मला मात्र अजून त्या ताडपत्रीखालच्या चार माणसांचा विचार येतो. कूलर रिकामे असते तर?

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण उन्हाळ्यातही झिक्रीत, सीलाइन, अबू सामराकडे गाडी काढतात. गाडी दुपारी ओढेनाशी झाली तर आधी एसी बंद करून बघा, काटा कुठे आहे ते बघा आणि लिहून ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. पेट्रोलच्या लाइनला घरी हात लावू नका, ते मेकॅनिकचं काम. माणशी निदान चार-पाच लिटर पाणी गाडीत असू द्या. बंद पडलात तर गाडी सोडून चालत निघू नका, सावली करून बसा आणि कुणाला त्रास होत असेल तर ९९९ लावा. आणि रोज ती गाडी चालवणारा माणूस काही सांगत असेल, तर आधी त्याचं ऐका.

आबांना फोन करून सगळं कळवलं. म्हणाले, "बरं झालं. त्या पोराचा पगार कापला न्हाईस न्हवं?"

पंपाबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही.