पेटीच्या पट्ट्यांची पुनर्जुळणी : झिजलेले भाग बदलल्यानंतरचा क्रम

शिरूर व दौंड या तालुक्यांत पेटीला विश्रांती क्वचितच मिळते. गावोगावची भजनी मंडळे, यवत व वरवंड येथे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असताना होणारी कीर्तने, चौफुल्याच्या कलाकेंद्रांतील संगीतबारीच्या बैठकी, या सर्वांना तिची साथ लागते. अशा वापराने चामडे, फेल्ट व स्प्रिंगा झिजतात आणि त्या बदलाव्या लागतात. परंतु नवे भाग बसविल्यावरही काही सूर उतरलेले व दबलेले वाटतात, आणि मग दोष सुरावर ठेवून त्याला कानस लावली जाते. हा दोष बहुधा सुराचा नसून पट्टीच्या जुळणीचा असतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम रचना पाहू. पेटीची पट्टी ही वस्तुतः एक तरफ आहे. तिचा पुढचा भाग बोटाखाली असतो. मागच्या भागाखाली फेल्ट व चामडे लावलेली झडप असते आणि स्प्रिंगेच्या दाबाने ती फळीतील छिद्र झाकून ठेवते. छिद्राच्या खाली, भात्याच्या हवेत, सूर बसविलेला असतो. सूर म्हणजे पितळी चौकटीवर एका टोकाने जखडलेली पत्ती. पट्टी दाबली की झडप उचलली जाते, कोंडलेली हवा पत्तीजवळून बाहेर पडते आणि पत्ती कंप पावू लागते.

आता झिजलेल्या फेल्टच्या जागी एक मिलिमीटर जाड फेल्ट बसविले, असे समजू. पट्टीचे मागचे टोक तेवढे वर राहील. तरफेच्या दोन्ही भुजा समान असतील, तर पुढचे टोक एक मिलिमीटर खाली येईल. पट्टी जेथे टेकते ती खालची गादी मात्र जागच्या जागीच आहे. म्हणजे पट्टीची चाल सहा मिलिमीटर असेल, तर ती पाचच उरेल आणि झडपही तितकीच कमी उघडेल. हवेची वाट अरुंद झाली म्हणजे नाद दबतो आणि स्वर किंचित उतरतो. कारागिराच्या कानाला सूर उतरलेला वाटतो, आणि कानाचे म्हणणे खरेही असते. चूक होते ती कारणाच्या निदानात.

याची परीक्षा सोपी आहे. पट्टी दाबून धरावी आणि झडप हाताने आणखी थोडी उचलावी. स्वर चढून जागेवर आला, तर सुराला हात लावू नये. पत्तीच्या टोकाशी धातू घासला की स्वर चढतो आणि मुळाशी घासला की उतरतो, हे खरे; पण घासलेला धातू परत येत नाही. जर्मनी व फ्रान्समधून एके काळी आलेले सूर आज जुन्या पेट्यांतच सापडतात. नव्या सुरांसाठी सौराष्ट्रातील पालिताणा प्रसिद्ध आहे. तथापि एका जातीच्या संचात दुसऱ्या जातीचा सूर बसविल्यास त्याचा नाद वेगळा पडतो.

म्हणून जुळणीचा क्रम पाळणे आवश्यक ठरते. प्रारंभी एकही पट्टी न दाबता भाता भरून पाहावा. हवा लवकर सुटत असेल, तर पुढील कोणत्याही परीक्षेला अर्थ नाही. त्यानंतर झडपा छिद्रांवर सपाट बसतात की नाही, हे पाहावे. सरस चामड्यात मुरल्यास ते कडक होते, छिद्र नीट झाकले जात नाही आणि सूर आपोआप वाजत राहतो. मग स्प्रिंगांचा दाब सारखा करावा : तो झडप बंद राहण्यास पुरेसा असावा, पण बोटांना थकविणारा नसावा. यानंतर पट्ट्यांची उंची व चाल एका रेषेत आणावी आणि झडपांचे उघडणे तपासावे. सूर लावण्याचे काम सर्वांत शेवटी.

हाच नियम पियानोतही दिसतो. तेथे पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, हातोडी सुमारे ४५ मिलिमीटर अंतर चालून तारेकडे जाते आणि तारेपासून दीड-दोन मिलिमीटर अंतरावर यंत्रणेतून सुटते. एका ठिकाणचे फेल्ट बदलले की ही सर्व मापे हलतात. यंत्र भिन्न असले, तरी तत्त्व एकच आहे.

या प्रदेशात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शिरूर व दौंड पर्जन्यछायेत येतात. वैशाखात येथील हवा अत्यंत कोरडी असते आणि लाकूड आकसते. वारीपूर्वी पेटी दुरुस्त करून घेण्याची वेळही नेमकी हीच. या दिवसांत पट्ट्या अगदी घट्ट बसविल्या, तर आषाढातील दमट हवेत त्या फुगून एकमेकींस अडतात आणि कीर्तनाच्या ऐन रंगात पट्टी खालीच राहते. म्हणून पट्ट्यांमध्ये फुगण्यापुरती मोकळीक ठेवणे, हे जुळणीचेच अंग मानले पाहिजे.

तात्पर्य, भाग बदलल्याने दुरुस्ती अर्धीच होते. बदललेला भाग शेजारच्या प्रत्येक भागाचे माप बदलतो. ती मापे पुन्हा जुळविली म्हणजेच ती पूर्ण झाली. वाद्यशास्त्राच्या अभ्यासकाने जुन्या पेटीच्या स्वरांचे मापन करण्यापूर्वी तिची चाल व झडपा तपासाव्यात. अन्यथा सुराच्या नावावर नोंदविलेला आकडा फेल्टचा असण्याचा संभव आहे.