सिंहासने गेली, पेठ उरली

बंगळूरच्या कोरमंगला भागात लक्ष्मम्मा यांची समाधी आहे. नगराचे संस्थापक केंपेगौडा यांची ही सून. किल्ल्याचा दरवाजा वारंवार कोसळू लागला तेव्हा तो उभा राहावा म्हणून तिने आत्मबलिदान केले, अशी आख्यायिका आहे. त्या समाधीच्या परिसरात आज देशभरातून आलेल्या संगणक अभियंत्यांची वस्ती आहे. 'फ्लिपकार्ट'चा आरंभही २००७ मध्ये कोरमंगलातच झाला. दरवाजासाठी प्राण देणाऱ्या स्त्रीची स्मृती जपणारे हे नगर आज दरवाजा कोणासाठी उघडा ठेवायचा, या प्रश्नापाशी येऊन थांबले आहे.

मराठी माणसाला या नगराविषयी विशेष आत्मीयता वाटते. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने ते जिंकल्यावर शहाजीराजांनी येथे आपले ठाणे केले. बाल शिवाजीचे काही दिवस येथे गेले. मल्लेश्वरम येथील मल्लिकार्जुन मंदिराला एकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख उपलब्ध आहे. मात्र एकोजींनी पुढे तंजावरला राजधानी केली. १६८७ मध्ये मुघल फौजांनी बंगळूर घेतले आणि नंतर तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. भोसल्यांची सत्ता जेमतेम अर्धशतक टिकली.

दक्षिणेतील साम्राज्यांच्या राजधान्यांचे काय झाले, हे या संदर्भात पाहण्याजोगे आहे. १५६५ च्या तालिकोटच्या पराभवानंतर विजयनगर उजाड झाले. १७९९ मध्ये टिपूबरोबर श्रीरंगपट्टणचे वैभवही संपले. ती नगरे सिंहासनावर उभी होती. बंगळूर मात्र १५३७ पासून पेठांवर उभे राहिले. अरळेपेठेत कापूस, अक्किपेठेत तांदूळ, अशी तिची रचना होती. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने किल्ला घेतला, १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी आली आणि १८३१ मध्ये म्हैसूर राज्याचा कारभारही येथे हलला. राज्यकर्ते बदलत गेले. व्यापारी, कारागीर, शिपाई आणि कारकून येतच राहिले.

जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील व्यवस्थापकीय पदे ५० टक्के आणि इतर पदे ७० टक्के स्थानिकांसाठी राखून ठेवणारे विधेयक संमत केले. उद्योगक्षेत्रातून विरोध होताच ते दोन दिवसांत स्थगित झाले. तथापि, प्रश्न संपलेला नाही. स्थानिकांची रोजगाराची अपेक्षा अन्याय्य म्हणता येणार नाही. ज्या मुंबईत १९६६ नंतर भूमिपुत्रांच्या नावाने दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलने झाली, तेथून आलेल्या मराठी अभियंत्याला तर ती परकी वाटण्याचे कारणच नाही. फरक इतकाच की येथे 'परका' तो आहे. शहाजीराजांचा वारसा सांगून त्याला येथे हक्क मिळणार नाही. कन्नड शिकून, या नगराशी समरस होऊनच तो मिळवावा लागेल. आणि दरवाजा बंद करू पाहणाऱ्यांनीही विजयनगरचे अवशेष एकदा पाहून यावेत.