घरून लिहिण्याचं काम सुरू करताय? आधी हा हिशोब ऐका

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ शक्य तेवढे काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.)



आजचा विषय बरेच दिवस यादीत पडून होता: घरून फ्रीलान्स लिखाण. ब्लॉग, वेबसाइटचा मजकूर, अॅपमधलं मराठी, व्हिडिओच्या स्क्रिप्ट्स वगैरे. मी दिवसा कोड लिहितो आणि गेली तीन वर्षं संध्याकाळी असली कामं करतो, त्यामुळे ‘दादा, सुरुवात कशी करायची?’ हा मेसेज आठवड्यातून एकदा तरी येतोच. मी उत्तर पुढे ढकलत होतो. पण गेल्या महिन्यात एक मेसेज आला आणि म्हटलं, आता बोलायलाच हवं.

सोलापूर जिल्ह्यातली एक मुलगी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगतोय. इन्स्टाग्रामवर तिला जाहिरात दिसली: ‘घरबसल्या कंटेंट रायटिंग, महिना १८ हजार’. तिने फॉर्म भरला, आधारचा फोटो दिला, मोबाइलवरच सही केली. काम काय होतं? स्कॅन केलेली पानं बघून टाइप करायची. सात दिवसांत ६०० पानं, ९० टक्के अचूक. पोरीने रात्री जागून ५८० केली. आठव्या दिवशी मेसेज: ‘क्वालिटी चेक फेल. करारानुसार ५,९०० रुपये भरा.’ दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस: २४ तासांत भरा, नाहीतर एफआयआर.

तिच्या मेसेजची शेवटची ओळ होती, ‘दादा, घरी अजून सांगितलेलं नाही.’

हे लिखाणाचं काम नाहीच

असला मेसेज तुमच्याकडे आला असेल तर ऐका. पैसे भरायचे नाहीत. एकदा भरलेत की दुसरी नोटीस येते, आकडा वाढलेला असतो.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. ठरलेलं काम पूर्ण झालं नाही, एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. ती दिवाणी बाब आहे. आणि करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो आपोआप देणं लागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४ बघा: कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. हां, खरोखर कोर्टाकडून समन्स आलं तर दुर्लक्ष करायचं नाही. पण व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ आणि समन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग करायचं काय? सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर कॉल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि घरी सांगा. या लोकांचा सगळा धंदा तुम्ही एकटे घाबरलेले असण्यावर चालतो.

ओळखायचं कसं? माझी साधी चाचणी सांगतो. खरा क्लायंट तुम्ही लिहिलेलं काहीतरी आधी वाचायला मागतो. खोटा क्लायंट आधी आधार मागतो. आणि काम देण्यासाठी रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, ट्रेनिंग फी असं काहीही मागितलं की विषय संपला. पैसे मिळायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

मग खरं काम सुरू कुठून होतं?

तीन नमुन्यांपासून. ‘मला लिहायची आवड आहे’ असा ईमेल कोणी उघडत नाही. क्लायंटला पुरावा लागतो. तो तुम्ही आजच, कोणाच्या परवानगीशिवाय तयार करू शकता.

विषय निवडताना एकच बघा: तुमच्या आजूबाजूला असं काय आहे, जे तुम्हाला कळतं आणि बाकीच्यांना शोधावं लागतं? वडील शेती करतात? मग ऑनलाइन सातबारा काढताना लोक नेमके कुठे अडकतात ते तुम्ही पाहिलेलं असतं. आई बचत गटात आहे? तिथल्या हिशोबाची वही कशी ठेवतात यावर लिहा. मी पहिला नमुना लिहिला तो चुकीच्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तर काय करायचं यावर, कारण माझ्या आत्याचे गेले होते आणि बँकेत मीच गेलो होतो.

एक नमुना ६०० ते ८०० शब्दांचा पुरे. गुगल डॉकमध्ये ठेवा, लिंक उघडते का ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा. हसू नका, माझी पहिली लिंक दोन आठवडे ‘अॅक्सेस नाही’ दाखवत होती.

एआयचं काय, हा प्रश्न येणारच. सर्वसाधारण लेख आता कोणीही दोन मिनिटांत काढतो आणि त्याचे पैसे मिळणं अवघड झालंय. पण स्टेट बँकेच्या शाखेत मावशींना फॉर्मवरचा नेमका कुठला रकाना कळत नाही, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. क्लायंट पैसे देतो ते तपासलेल्या माहितीचे आणि आपल्या माणसाला कळेल अशा मराठीचे. टूल वापरत असाल तर क्लायंटला विचारून वापरा, आणि त्यातली प्रत्येक तारीख आणि आकडा स्वतः तपासा. चूक निघाली तर नाव तुमचं जातं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. टायपिंग युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाल्यांकडे जुने फॉन्ट अजून चालतात, पण तो मजकूर वेबसाइटवर टाकला की भलतीच अक्षरं दिसतात. मोबाइलवर जीबोर्ड चालेल. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट शिकायला दोन-तीन आठवडे गेले माझे, पण वेग कायमचा वाढला.

प्रति शब्द रेट, आणि तासाचा खरा हिशोब

आता माझ्या आवडीचा भाग. आकडे!

माझा पहिला रेट होता ५० पैसे शब्द. ८०० शब्दांचे ४०० रुपये. वाटलं, एका संध्याकाळचे चारशे, वाईट काय? मग सवयीप्रमाणे शीट उघडली आणि वेळ लिहायला लागलो. वाचन दीड तास, लिखाण दोन तास, क्लायंटच्या दुरुस्त्या एक तास, मेसेज-फोन अर्धा तास. एकूण पाच तास. म्हणजे तासाला ८० रुपये. हेच काम फाइव्हरवरून आलं असतं तर तिथे २० टक्के कापतात, म्हणजे हातात ३२०, तासाला ६४.

आता उलटा हिशोब करा. समजा तुम्हाला महिन्याला २० हजार हवेत. रोज चार तास, २५ दिवस, म्हणजे १०० तास. पण त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ काम शोधण्यात, ईमेलमध्ये आणि पैशांची आठवण करण्यात जातो. पैसे मिळवणारे तास उरले ६५. म्हणजे तासाला ३०० च्या वर हवेत. पाच तासांच्या लेखाचे दीड हजार. ८०० शब्दांना जवळजवळ दोन रुपये शब्द.

हा रेट पहिल्या महिन्यात मिळत नाही. मलाही तिथे पोचायला दीड वर्ष लागलं. म्हणून ‘नोकरी सोडून हेच करू का?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगतो: सलग सहा महिने घरखर्च लिखाणातून निघू दे, मग बोलू.

आणि नोकरी सांभाळून करणार असाल तर आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढल्याची बातमी आठवत असेल. ते स्पर्धक कंपन्यांसाठी काम करत होते, आपलं तसं नसेल, पण लेटरमध्ये काय लिहिलंय ते वाचणं आपल्याच हातात आहे. मी मॅनेजरला ईमेल करून लेखी परवानगी घेतली होती.

काम ठरवताना पाच ओळी

माझे पहिले पैसे बुडाले. सहा लेख, २,४०० रुपये. क्लायंटने लेख छापले आणि फोन उचलणं बंद केलं. मोठी रक्कम नव्हती. पण सहा संध्याकाळी होत्या, आणि त्यातली एक माझ्या भाचीच्या वाढदिवसाची होती. माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं, सगळं फोनवर ठरलेलं.

तेव्हापासून प्रत्येक कामाआधी एक ईमेल जातो. त्यात पाच गोष्टी असतात: किती शब्द आणि कधी द्यायचे, रेट किती, दुरुस्त्या किती वेळा (मी दोनदा लिहितो), पैसे किती दिवसांत, आणि हक्क कोणाचे. समोरून ‘ओके’ आलं तरी पुरे. नवीन क्लायंट असेल तर अर्धे पैसे आधी. फुकट टेस्ट मागितली तर ३०० शब्दांपर्यंत, त्याच्यापुढे पैसे.

हक्कांचं जरा नीट समजून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फ्रीलान्सरने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे लेखकच असतो. नोकरीत लिहिलेलं मालकाचं, ते वेगळं. फ्रीलान्सरने हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. म्हणून मी ओळ टाकतो: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क तुमच्याकडे देईन.’ पैसे थकले तर बोलायला ही ओळ भक्कम पडते.

पैसे थकले तर

हे मला दोन वर्षांनी कळलं, तुम्ही आजच ऐका. सरकारचं ‘उद्यम’ रजिस्ट्रेशन असतं. एकट्याने सेवा देणारा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती दुसरीच कोणाची तरी आहे.

फायदा काय? एमएसएमई कायदा, २००६. त्यानुसार नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर ठरवताच येत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्याची फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, तक्रार ऑनलाइन होते. फक्त नोंदणी काम घेण्याआधी केलेली असू द्या.

मागच्या वर्षी एका क्लायंटने ७० दिवस टोलवलं. मी भांडलो नाही. बिलाची तारीख, उद्यम नंबर आणि ४५ दिवसांचा नियम, एवढंच तीन ओळीत लिहून पाठवलं. त्या आठवड्यात मुद्दल आलं. व्याज नाही आलं, आणि तो क्लायंटही परत आला नाही. चालतंय.

कराचं थोडक्यात. एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांच्या वर व्यावसायिक फी झाली की बऱ्याचदा १० टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का, हे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघा आणि रिटर्न भरा, कर बसत नसेल तर परत मिळतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, त्यामुळे सुरुवातीला त्याचं टेन्शन नको.

या आठवड्यात एवढंच करा

एक नमुना लिहा. एक. तुमच्या घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या प्रश्नावर. आणि ज्याला तो प्रश्न पडतो त्यालाच वाचायला द्या. वाचून तो उठला आणि काम करून आला, तर नमुना जमला.

त्या मुलीचं काय झालं? तिने आधी आईला सांगितलं, मग दोघींनी बाबांना. बाबा रागावतील असं तिला वाटत होतं. ते म्हणाले, ‘५८० पानं टाइप केलीस? एवढ्या जागरणाचं कुणाला तरी बिल लाव.’ तक्रार केली, नंबर ब्लॉक केले, पुढे नोटीस आली नाही. परवा तिने पहिला नमुना पाठवलाय. विषय: ‘घरबसल्या टायपिंगची जाहिरात आली तर काय तपासावं’. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, पण मी एका दमात वाचला.

तुमचा नमुना झाला की मला पाठवा. सगळे वाचेन असं नाही म्हणत, रोज एक वाचेन. आणि हा एपिसोड त्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला नक्की फॉरवर्ड करा, ज्याने काल ‘वर्क फ्रॉम होम’ची जाहिरात तुम्हाला पाठवली होती.

भेटू पुढच्या रविवारी. तोवर लिहीत राहा, आणि बिल पाठवायला लाजू नका!