भिंतीआडचे पाच सेकंद

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. वय ७४. न्यूमोनियावरील उपचार पूर्ण करून रुग्णालयातून घरी येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. ताप नव्हता, छातीही बरीचशी मोकळी झाली होती. तरी खुर्चीतून उठताना त्यांना सुनेच्या हाताचा आधार घ्यावा लागला.

“डॉक्टर, तीन आठवडे मी अंथरूण सोडलेले नाही. एवढी विश्रांती घेऊनही अंगात बळ का येत नाही?” हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता.

सोबत आलेला चौदा वर्षांचा नातू मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, “आजोबा, आमच्या गेममध्ये भिंतीआड गप्प बसलं की पाच सेकंदांत हेल्थ फुल होते.”

आम्ही सारे हसलो. पण वाचकहो, आजोबा आणि नातू एकाच समजुतीवर विसंबून होते, हे माझ्या लक्षात आले. आडोशाला स्वस्थ पडून राहिले की शरीर आपोआप भरून येते, ही ती समजूत.

या खेळांविषयी मी माझ्या मुलाकडून जाणून घेतले. १९९३ सालच्या ‘डूम’ या खेळात जखमी झालेल्या योद्ध्याला वाटेत पडलेल्या औषधपेट्या शोधून उचलाव्या लागत. २००५ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी २’मध्ये त्या पेट्या नाहीशा झाल्या. गोळ्या लागल्या की पडदा लाल होतो. खेळाडू काही सेकंद आडोशाला थांबला की तो पुन्हा ठणठणीत. मला मात्र या दोहोंच्या मधला, २००१ सालचा ‘हेलो’ अधिक विचार करण्याजोगा वाटला. त्यातील योद्ध्याभोवती एक संरक्षक कवच असते. मारा थांबला की ते कवच आपोआप भरते. कवचाखालचा प्राण मात्र आपोआप भरत नाही. त्यासाठी औषधपेटीच मिळवावी लागते.

आपले वृद्धापकाळातील शरीर या ‘हेलो’सारखे आहे. दिवसभराचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो, ते झाले कवच. त्याखाली स्नायूंची, हाडांची आणि हृदय-फुप्फुसांची जी राखीव शक्ती असते, ती नुसत्या पडून राहण्याने भरत नाही, उलट घटते. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग कमी झाल्याचे आढळले होते. ही माणसे आजारी नव्हती, हे लक्षात घ्यावे.

ही चूक मी स्वतःच्या घरी केली आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या आईला ताप आला. ती तेव्हा ७८ वर्षांची होती. ताप उतरल्यावरही “उठू नकोस” असे मीच तिला बजावले. पाणी, ताट, औषध, सारे पलंगावर. महिन्याभराने आजार सरला, पण देवघरापर्यंत जायला तिला भिंत धरावी लागू लागली. तिचे पूर्वीचे पाऊल पुन्हा परतले नाही. माया होती, जाण कमी पडली.

शरीर स्वतःची डागडुजी करते, यात शंका नाही. पण प्रत्येक भागाचे घड्याळ निराळे असते. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. खोल जखमेचा व्रण भरला, तरी तेथील त्वचेला मूळच्या ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक ताकद सहसा येत नाही. हृदयाचे स्नायू तर अत्यल्प प्रमाणातच नव्याने घडतात. न्यूमोनियानंतर खोकला व धाप साधारण सहा आठवड्यांत बरीच कमी होते. थकवा तीन महिने रेंगाळू शकतो आणि पूर्ववत वाटायला सहा महिनेही लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात निराश होण्याचे कारण नाही.

मग कवचाखालचा प्राण भरणार कसा? पहिली औषधपेटी आहाराची. आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. नुसता मऊ भात आणि पेज यांतून ती मिळत नाहीत. घट्ट वरण, मुगाची उसळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडी व मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

दुसरी पेटी हालचालीची. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर जेवण पलंगावर न करता खुर्चीत बसून करावे. उठण्यापूर्वी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, म्हणजे घेरी येत नाही. हात असलेल्या भक्कम खुर्चीतून पाच वेळा उठावे व बसावे. असे दिवसातून तीनदा. सोबतीला कोणीतरी असावे. घरच्या मंडळींनी हात जरूर द्यावा, पण रुग्णाला जे स्वतः करता येते, ते त्यालाच करू द्यावे.

एक सावधगिरी मात्र हवी. खेळातला पडदा लाल होतो; वृद्धांच्या शरीराची धोक्याची खूण पुष्कळदा फिकी असते. न्यूमोनिया असूनही ताप नसतो. मधुमेहींना हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. एकाएकी असंबद्ध बोलणे, दिवसा सतत गुंगी, जेवणावरची वासना उडणे, तोल जाऊन पडणे, लघवी कमी होणे, एकच पाय सुजणे, किंवा सुधारत असताना पुन्हा बिघडणे, यांतले काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपू लागली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

ते शिक्षक दीड महिन्याने पुन्हा आले. दारापासून टेबलापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत. जिन्यावर अजून मध्ये थांबावे लागते, असे म्हणाले. खुर्चीतल्या उठबशांची मोजदाद नातवाकडे सोपवली आहे. “पाच झाल्याशिवाय सोडत नाही हा मला,” अशी त्यांनी तक्रार केली. नातवाने या खेपेस मोबाइल खिशात ठेवला होता.