मूळ उंचीच्या ऑफ-रोड वाहनातील पुढील कंट्रोल आर्म बदल : एक यांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

खडक, चिखल व तीव्र चढउतार असलेल्या वाटांवर चालविण्यासाठी बनविलेल्या वाहनांना ऑफ-रोड वाहने म्हटले जाते. अशा वाहनांचे मालक मूळ सुटे भाग काढून अधिक मजबूत भाग बसविताना दिसतात. पुढील सस्पेन्शनचे कंट्रोल आर्म हा त्यांपैकी एक महत्त्वाचा भाग होय. सामान्यतः वाहनाची उंची वाढविताना हे आर्म बदलले जातात. परंतु उंची मूळचीच ठेवून केवळ आर्म बदलणे कितपत हितावह आहे, याचा विचार स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे. चुकीच्या निवडीमुळे पैसा वाया जातोच, शिवाय ब्रेक व स्टिअरिंग ज्यावर अवलंबून असतात त्या जोडणीलाच धोका पोहोचतो. प्रस्तुत लेखात जीप रँग्लर या वाहनाच्या आधारे या प्रश्नाचे यांत्रिक विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. २०२१ पासून या वाहनाची जुळणी पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे होऊ लागली, त्यामुळे हा विषय आपल्याकडील वाचकांनाही सर्वस्वी परका नाही.

कंट्रोल आर्मचे स्वरूप व कार्य :

रँग्लरच्या १९९७ च्या टीजे मॉडेलपासून पानपट्ट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग वापरण्यात आल्या. पुढे २००७ ची जेके व २०१८ ची जेएल या पिढ्यांतही तीच पद्धत कायम राहिली. पानपट्टी भार पेलते आणि ॲक्सलला जागेवरही धरून ठेवते. कॉइल स्प्रिंग मात्र केवळ भार पेलते. त्यामुळे ॲक्सलला पुढेमागे सरकण्यापासून व स्वतःभोवती फिरण्यापासून रोखण्यासाठी दोन वरचे व दोन खालचे असे चार आर्म लागतात. ॲक्सलची आडवी हालचाल ट्रॅक बार रोखतो. प्रत्येक आर्मचे एक टोक ॲक्सलला व दुसरे टोक मागील बाजूस चासीला जोडलेले असते आणि या जोडांमध्ये रबरी बुश असतात.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या पिढीत पुढे अखंड ॲक्सल नसून प्रत्येक चाकाला स्वतंत्र असे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. तेथेही ‘कंट्रोल आर्म’ हाच शब्द वापरला जातो. तथापि त्याची रचना वेगळी असल्याने पुढील विवेचन त्यास जसेच्या तसे लागू होत नाही.

आर्मवरील बलांचे गणित :

ब्रेक लावल्यावर जमीन चाकाला मागे ढकलते. समजा, एका पुढील चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे आणि घर्षण गुणांक ०.७ आहे. तेव्हा ब्रेकचे बल सुमारे ३,४३० न्यूटन होते. आता खालच्या आर्मचा ॲक्सलकडील जोड जमिनीपासून ३०० मि.मी. व वरच्या आर्मचा ५०० मि.मी. उंचीवर आहे असे उदाहरणादाखल मानू. दोन्ही आर्म आडवे आहेत असे धरून वरच्या जोडाभोवती आघूर्ण काढल्यास खालच्या आर्मवरील दाब ब्रेकच्या बलाच्या ५०० भागिले २००, म्हणजे अडीच पट येतो. हे बल सुमारे ८,५८० न्यूटन होय. वरच्या आर्मवर दीड पट, म्हणजे सुमारे ५,१५० न्यूटन ताण येतो. दोहोंतील फरक ब्रेकच्या मूळ बलाइतकाच आहे, हे सहज पडताळता येते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. खालचा आर्म अधिक भार वाहतो आणि तोच खडकावर आपटण्याची शक्यताही अधिक असते. वाकलेला आर्म दाबाखाली अधिकच वाकतो. यास्तव खर्च मर्यादित असेल, तर आधी खालची जोडी बदलणे तर्कसंगत ठरते.

लांबी आणि कॅस्टर :

उंची वाढविलेल्या वाहनात आर्मचा कोन बदलतो व कॅस्टर कमी होतो. म्हणून तेथे लांबी जुळवता येणारे आर्म लागतात. मूळ उंचीच्या वाहनात ही गरज सहसा नसते. उलट, वरील उदाहरणात खालचा आर्म केवळ ५ मि.मी. लांब केला तरी कॅस्टर सुमारे १.४ अंशांनी वाढतो. कॅस्टर वाढल्याने स्टिअरिंग सरळ राहण्यास मदत होते, हे खरे. परंतु ॲक्सल अखंड असल्याने त्याच वेळी पिनियनचे तोंड खाली झुकते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या जोडाचा कोन वाढून कंपने उद्भवू शकतात. म्हणून मूळ लांबीचेच, न जुळवता येणारे मजबूत आर्म येथे अधिक योग्य होत. त्यांत चेक नट नसल्याने तो सैल होण्याची भीतीही राहत नाही.

बुशची निवड :

एक चाक खडकावर चढले की ॲक्सल चासीच्या तुलनेत तिरपा होतो आणि प्रत्येक आर्मला आपल्या लांबीभोवती पीळ बसतो. रबरी बुश हा पीळ सामावून घेतात व रस्त्यावरील आवाजही शोषतात. मात्र कालांतराने ते फाटतात. पॉलियुरेथेनचे बुश अधिक कडक असतात. असे बुश दोन्ही टोकांना बसविल्यास पीळ सामावत नाही. सस्पेन्शन अडखळते आणि ताण ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जातो. गोलाकार सांधा असलेले आर्म मोकळेपणाने फिरतात; परंतु त्यांना ग्रीस द्यावे लागते आणि आवाज व हादरे आत अधिक पोहोचतात. रोजच्या रस्त्यासाठी रबरी बुश, तर वारंवार खडकाळ वाटांवर जाणाऱ्यांसाठी एका टोकाला गोलाकार सांधा व दुसऱ्या टोकाला रबरी बुश हा मध्यममार्ग योग्य वाटतो.

जोडणीतील दक्षता :

१. रबरी बुशच्या आतील नळी बोल्टमुळे घट्ट धरली जाते व हालचाल रबराच्या पिळातून होते. म्हणून वाहन चाकांवर उभे असतानाच बोल्ट अखेरचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना ते आवळल्यास रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.

२. एका वेळी एकच आर्म काढावा, म्हणजे ॲक्सल जागेवर राहतो.

३. टीजे व जेके या पिढ्यांत वरच्या आर्मचा ॲक्सलकडील बुश ॲक्सलमध्येच बसविलेला असतो. केवळ आर्म बदलल्यास तो जुनाच राहतो.

४. बोल्ट टॉर्क रेंचने उत्पादकाच्या मापानुसार आवळावेत, काही अंतर चालविल्यावर पुन्हा तपासावेत आणि अलाइनमेंट करून घ्यावे.

स्टिअरिंग जोराने थरथरू लागल्यास अनेकदा नवे आर्म हाच उपाय मानला जातो. परंतु ट्रॅक बारचे झिजलेले बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके व टायरचे असंतुलन ही कारणे आधी तपासणे अगत्याचे आहे.

कायदेविषयक बाजू :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे मूळ लांबीचा व मूळ प्रकारचा भाग वापरणे हे तांत्रिकदृष्ट्याच नव्हे, तर कायद्याच्या दृष्टीनेही अधिक सुरक्षित होय. अन्य बदलांपूर्वी परिवहन कार्यालय व विमा कंपनीकडे विचारणा करावी.

समारोप :

मूळ उंचीच्या वाहनात कंट्रोल आर्म बदलण्याचे प्रयोजन मजबुती व झिजलेल्या बुशची पुनर्स्थापना एवढेच असावे. भूमितीत बदल करणे हे नसावे. आर्म शाबूत असतील, तर केवळ बुश बदलणेही पुरेसे ठरते. स्थितिकीच्या तासाला शिकविले जाणारे आघूर्णाचे साधे समीकरण येथे खरेदीचा निर्णय ठरविण्यास उपयोगी पडते. असे परिचयाचे उदाहरण वर्गात मांडल्यास सूत्र व व्यवहार यांतील अंतर काही अंशी कमी होईल, असे वाटते.