बोडोलँड : करार झाले, जमिनीचं काय?

आसाममधल्या बोडो जमातीशी सरकारने 3 करार केले : 1993, 2003 आणि 2020. पहिल्यातच मोठी चूक झाली. बोडोंच्या स्वायत्त परिषदेची हद्द न आखताच सह्या झाल्या आणि गाव परिषदेत घेण्यासाठी तिथे किमान निम्मी वस्ती अनुसूचित जमातींची असावी, असा निकष ठरला. जमिनीचा निकाल डोकी मोजून लागणार म्हटल्यावर शेजाऱ्याला हुसकावणं सशस्त्र गटांच्या सोयीचं झालं.

1996 मध्ये कोक्राझार परिसरात संथाळांवर हल्ले झाले. बाहेरून येऊन वसलेल्यांचे हे वंशज. आसाममध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जाही नव्हता. त्यांच्यातून बिरसा कमांडो फोर्स आणि कोब्रा हे सशस्त्र गट उभे राहिले, स्वसंरक्षणासाठी. हल्ल्यांनंतर छावण्यांत अडकलेल्यांना ते घर मिळवून देऊ शकले नाहीत. या गटांशी करार झाला थेट 2022 मध्ये.

2003 च्या करारानं राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखाली परिषद दिली. निवडणुकीच्या 40 जागांपैकी 30 अनुसूचित जमातींना राखीव. बिगरबोडोंचा राग समजण्यासारखा आहे, तशीच हातची जमीन जाण्याची बोडोंची भीतीही. 2012 च्या हिंसाचारात 4 लाखांहून अधिक लोक घरं सोडून छावण्यांत गेले. त्यात बहुसंख्य बंगालीभाषक मुस्लिम होते, बोडोही होते.